कॉफीवाल्याच्या बंगल्यातली बिनखिडकीची खोली

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता स्वरूपाने प्लास्टिकच्या पेटीचं झाकण उचललं. आत फक्त ओलसर टीपकागद होते. काल दुपारी तिने स्वतःच्या हाताने ठेवलेली गुंडाळी नाहीशी झाली होती.

ही गुंडाळी म्हणजे बंगल्याचा मूळ नकाशा. मोजणीत तिला मदत करणाऱ्या मैथिलीला तो माळ्यावर, वाशांच्या मागे खोचलेला सापडला होता. बाहेरच्या कडेवर एवढंच वाचता येत होतं: 'ब्रेडे यांचे घर, तळमजला, १८९०'. सव्वाशे वर्षांवरचा कागद कोरडाच उलगडला, तर पापडासारखा मोडतो. म्हणून आधी त्याला रात्रभर दमट पेटीत ठेवायचं आणि नरम पडला की मगच उघडायचं. त्यामुळे आत काय काढलंय, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

स्वरूपा ब्राउनश्वाइगमध्ये पंचवीस वर्षं जुन्या इमारतींची मोजणी करत होती. हा बंगला शहरापासून अर्ध्या तासावर, ल्यूटेनरोडे नावाच्या खेड्यात. ब्राझीलमध्ये कॉफीचे मळे केलेल्या हेरमान ब्रेडेने तो बांधला, म्हणून गावात त्याला 'कॉफीवाल्याचा बंगला' म्हणत. आता त्याचा खापरपणतू फोल्कमार ब्रेडे तिथे हॉटेल काढणार होता.

दहा वाजता सगळे जेवणघरात जमले. स्वतः ब्रेडे, गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षा फ्राऊ टोले, बांधकामाचे प्रमुख इंजिनियर उल्हास, त्यांच्याच फर्ममध्ये चार महिन्यांपूर्वी लागलेली मैथिली, आणि स्वरूपा. पेटीच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. चार किल्ल्या होत्या. स्वरूपा सोडून प्रत्येकाकडे एक; तिला सकाळी दार मैथिलीने उघडून दिलं होतं.

उल्हासनी चष्मा पुसला. पुण्याचा माणूस, वीस वर्षं जर्मनीत, गणपतीच्या आरतीला सगळ्यांत पुढे. साइटवर सकाळी सातला सगळ्यांत आधी हजर, शेवटचा बोल्टसुद्धा स्वतः हात लावून तपासणार, अशी ख्याती.

"मला बोलायला बरं वाटत नाही," ते जर्मनमध्ये म्हणाले, "पण काल संध्याकाळी शेवटचं कुलूप मैथिलीने लावलं. आणि दुपारी जेवताना तीच म्हणाली होती की या घराचं खरं काय ते पेपरात यायला पाहिजे."

"म्हणून मी चोरी करीन?" मैथिलीचा आवाज फाटला.

फर्मच्या मालकांचा फोन अर्ध्या तासात आला. सोमवारी दहापर्यंत नकाशा परत आला नाही, तर मैथिलीची नोकरी संपली.

२

मैथिली व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. तिची नोकरी अजून प्रोबेत्साइटमध्ये होती, म्हणजे काढून टाकायला कारण द्यायचीही गरज नाही. व्हिसा त्याच नोकरीवर. आणि चोरीचा डाग घेऊन दुसरीकडे कोण उभं करणार?

"ताई, मी नाही घेतला."

"ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही आत काहीच का नाही बोललात? मी तिथे एकटी उभी होते!"

हा घाव वर्मी बसला. स्वरूपाने चातुर्मासात नेम धरला होता: कुणावर आवाज चढवायचा नाही. आषाढापासून तो तिने पाळला होता, रोजच्या जपासारखा आणि एकवेळच्या जेवणासारखा. पण आवाज न चढवणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. आत ती गप्प बसली होती. त्याचा तिला स्वतःचाच संताप आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता नाही बसणार. ऊठ. हा व्हरांडा बघ. काय दिसतं?"

"शेवाळ. थंडी. कुणी बसत नाही इथे."

"कारण तो उत्तरेला आहे. या देशात ऊन दक्षिणेकडून येतं. उत्तरेला चार मीटर रुंद व्हरांडा कोण बांधतं?"

मैथिलीने डोळे पुसले. "पुस्तिकेत लिहिलंय की हेरमान ब्रेडेला नदीचा देखावा आवडायचा."

"नदी पश्चिमेला आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो. तिथे उन्हाच्या बाजूला व्हरांडा घातला की भिंती गार राहतात. या माणसाने मळ्यावरचा आपला वाडा उचलला आणि जसाच्या तसा इथे ठेवला. दिशासुद्धा बदलल्या नाहीत. उंच जोतं, खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची दारं, आणि घराच्या मधोमध बिनखिडकीची खोली."

"ती तर कॉफी साठवायची खोली."

"कुणी सांगितलं? पुस्तिकेने? वारा नाही तिथे कॉफी ठेवली तर आठवड्यात बुरशी धरेल. मळेवाल्याला हे कळत नव्हतं? तशा घरांत मधल्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं ठेवत. ज्यांच्यावर नजर ठेवायची, ती माणसं."

मैथिलीने फोनवर पुस्तिकेचं पान काढलं. फ्राऊ टोलेंनीच ती लिहिली होती. "ताई, हे ऐका. 'ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८मध्ये संपल्यावर ब्रेडे मायदेशी परतले. सोबत त्यांची विश्वासू मोलकरीण आली. कुटुंबावर तिचा इतका जीव होता, की ती मरेपर्यंत कधीही घराबाहेर पडली नाही.'"

मैथिलीने शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

मग स्वरूपा वळली आणि सरळ त्या खोलीच्या दाराशी गेली. चौकटीवर रंगाचे थर होते. तिने नखाने चाचपलं. बोळाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, लाकडात चार भोकं पुट्टी भरून बुजवलेली सापडली. कडी होती इथे. आतून नव्हे, बाहेरून.

३

शनिवारी ब्रेडे बंगल्यातच होता. रंगांचे नमुने भिंतीला लावून बघत होता.

"मी कशाला चोरीन?" तो हसला. "मी तर तो नकाशा फ्रेम करून बारमध्ये लावणार होतो. लोकांना वातावरण हवं असतं, फ्राऊ स्वरूपा. दारात कॉफीची पोती, वेताच्या खुर्च्या, छताला पंखा. आल्झो, थोडक्यात काय, मळ्यावरचा निवांतपणा!"

"निवांतपणा कुणाचा?"

"पुन्हा तेच. दीडशे वर्षं झाली हो. आणि आमच्याकडे होती ती एकच बाई, तीही घरच्यासारखी."

"नाव काय होतं तिचं?"

ब्रेडे पुन्हा रंगांच्या नमुन्यांकडे वळला. त्याला नाव ठाऊक नव्हतं. घरच्यासारख्या बाईचं. स्वरूपाला नेम आठवला. तिने ओठ दाबून धरले.

"त्या मधल्या खोलीचं काय करणार?" तिने विचारलं.

"तिथून लिफ्ट जाणार. जेवणघराकडची भिंत सोमवारी पाडायची. मध्ये काही ऐतिहासिक वगैरे निघालं असतं, तर वारसा खात्याने काम वर्षभर अडकवलं असतं. पण तुमच्याच अहवालात आहे ना, भिंत साधी आहे म्हणून?"

होतं खरं. स्वरूपा आणि मैथिली दोघींनी भिंत दोन्ही बाजूंनी मोजली होती: पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे भरीवच असणार. जेवणघराच्या बाजूला ओकच्या फळ्या ठोकलेल्या, आतल्या बाजूला भिंतभर कपाट. ते काढायची परवानगी ब्रेडेने दिली नव्हती, म्हणून भिंतीचं अंग कुणी पाहिलंच नव्हतं.

निघताना बोळातल्या फळ्यावर तिची नजर गेली. भिंत पाडण्याचा उल्हासचा आराखडा तिथे टाचला होता. भिंत पाडताना वरचं छत पेलायला लोखंडी टेकू लावतात, त्यांच्या जागा लाल फुल्यांनी दाखवल्या होत्या. मंगळवारी तिने हा आराखडा पाहिला होता, तेव्हा फुल्या दोन होत्या. आता तीन. कोपऱ्यात सुधारणेची तारीख होती, शुक्रवारची. सावध माणूस, असं मनाशी म्हणून ती बाहेर पडली.

फाटकाशी ब्रेडेने मागून हाक मारली. "फ्राऊ टोलेंना विचारा! शुक्रवारी आठ वाजता त्यांची सायकल इथे टेकलेली होती. शेजारणीने पाहिली!"

४

फ्राऊ टोलेंनी जांभळ्या आलूबुखाराचा केक कापून ठेवला होता. स्वरूपाचं दिवसाचं जेवण झालं होतं, तिने हात जोडले. बाईंना ते लागलं.

"माझ्या घरचं चालत नाही का?"

"नेम आहे. एकदाच जेवते. उद्या सकाळी घरी नेऊन खाईन, दिलात तर." आणि लगेच, त्याच हळू आवाजात: "शुक्रवारी आठला तुम्ही बंगल्यावर का गेला होता?"

फ्राऊ टोले सत्तरीच्या. गावात जुनं वळणदार हस्ताक्षर वाचता येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी काट्याने केकचा एक तुकडा तोडला.

"बघायला. तुमच्याआधी. पेटी उघडली तर रिकामी. घाबरले आणि निघून आले."

"सांगितलं का नाहीत?"

"संशय माझ्यावर आला असता."

"म्हणून तो सत्तावीस वर्षांच्या पोरीवर येऊ दिलात."

"तुम्ही मला रागावताय."

"हो," स्वरूपा म्हणाली. "खूप."

बाईंनी काटा खाली ठेवला. "माझ्या आजीने ती गोष्ट मला सांगितली होती. विश्वासू मोलकरीण, घराबाहेर कधी पडली नाही. मी तशीच लिहिली. तीस वर्षं शाळेच्या सहलींना सांगितली. कधी थांबून विचार नाही केला. गुरुवारी तुम्ही ती गुंडाळी पेटीत ठेवलीत, आणि मला रात्रभर झोप नाही. नकाशा माझ्या हाती लागला असता, तर मी तो फाडला असता का? खरंच सांगते, माहीत नाही."

स्वरूपाने विश्वास ठेवला. खोटं बोलणारा माणूस असं उत्तर देत नाही.

"पेटीतले टीपकागद कसे होते?"

"ओले. झाकण नीट लावलेलं."

आठच्या आधी, झाकण नीट लावून. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. चोराला कागदाची कदर होती.

५

रविवारी उल्हासनीच बोलावलं. त्यांच्या बायकोने, मीनलने, चहा पुढे केला.

"घ्या हो स्वरूपाताई, चहा तर चालतो ना? यांना जरा सांगा. परवापासून जेवणात लक्ष नाही."

"मीनल, आत जा जरा," उल्हास म्हणाले. ती गेल्यावर पुढे झुकले. "ताई, तुमचं ती ऐकते. तिला म्हणावं, कबूल करून टाक, मी मालकांशी बोलतो. प्रकरण वाढवू नको."

"तिने घेतला नसेल तर?"

"मग कुणी? तुम्हाला सांगतो, आपण या देशात पाहुणे. यांच्या आजोबा-पणजोबांची घाण यांनी निस्तरावी. आपण कशाला हात घालायचा? ती पोरगी जेवताना काय बोलत होती! मालक समोर बसलेला. असं वागलं की आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं."

"घाण आहे, हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्हीच म्हणता ना. खोली, गुलाम, अमुक-तमुक." त्यांनी कप उचलला आणि न पिताच ठेवला. "माझं काम भिंत सुरक्षित पाडणं. वीस वर्षांत माझ्या साइटवर एका माणसाला ओरखडा आलेला नाही. हे लिहून घ्या."

"ते मात्र खरं."

"गेनाऊ, अगदी बरोबर! मजूर पोलंडचा असो की तुर्कस्तानचा, त्याच्या डोक्यावर वीट पडता कामा नये. त्यात मी तडजोड करत नाही."

स्वरूपा ट्रॅमच्या थांब्यावर येऊन बसली. जपाची माळ तिने पिशवीतून काढली. पण बोटं पहिल्याच मण्यावर थांबली. त्यात मी तडजोड करत नाही. वीट पडता कामा नये.

भरीव भिंतीला दोन टेकू पुरतात. मंगळवारी पुरत होते. मग शुक्रवारी तिसरा कशासाठी?

समोरून ट्रॅम आली आणि निघून गेली. ती उठलीच नाही. तिने मैथिलीला फोन लावला.

"उद्या नऊला ये. ड्रिल घेऊन ये. आणि ब्रेडेला सांग, एक फळी काढणार आहे. नाही म्हणाला तर सांग, वारसा खात्याला मी आज संध्याकाळीच पत्र लिहीन."

६

सोमवारी नऊ वाजता सगळे पुन्हा जेवणघरात उभे होते. ओकची फळी काढलेली, तिच्यामागे गुळगुळीत गिलावा. उल्हास घड्याळ बघत होते.

स्वरूपाने आराखडा टेबलावर पसरला. "हा तिसरा टेकू. कोपऱ्यापासून एक मीटर पंच्याऐंशीवर. का लावलात?"

"सुरक्षा. अनुभव."

"मंगळवारी अनुभव नव्हता?" ती भिंतीकडे वळली. "मैथिली, दीड मीटरवर भोक पाड."

ड्रिल घरघरलं. लाल विटेची भुकटी सांडली. घट्ट, भरीव.

"आता एक पंच्याऐंशीवर."

ड्रिल गिलाव्यातून गेलं आणि एकदम आत घसरलं. मैथिलीचा तोल गेला. भोकातून वीट नाही, सुकी माती, खडे आणि भुसा गळू लागला.

"इथे एक झरोका होता," स्वरूपा म्हणाली. "नंतर राडारोडा भरून लिंपून टाकलेला. भिंत पाडताना इथे हातोडा बसला असता, तर वरचा भाग मजुराच्या अंगावर आला असता. म्हणून तिसरा टेकू. बरोबर लावलात, उल्हासराव. पण फळ्यांमागे कुणी बघितलं नव्हतं. स्कॅन केलंत?"

उल्हासनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"नाही केलंत. हा झरोका फक्त एका जागी दिसत होता, त्या नकाशात. नकाशा उघडलेल्या माणसालाच ही जागा सेंटीमीटरपर्यंत सांगता येते. आणि गुरुवारी संध्याकाळी तो कागद इतका कडक होता, की उघडताना त्याचे तुकडे झाले असते. तो नरम पडला शुक्रवारी सकाळी. फ्राऊ टोले आठला आल्या तेव्हा पेटी रिकामी होती. साइटवर सातला कोण येतं, ते सगळ्यांना माहीत आहे. नकाशा लपवलात, पण त्यात दिसलेला धोका लपवणं तुम्हाला जमलं नाही. इंजिनियर आहात ना."

उल्हासनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मी फाडला नाही," ते मराठीत म्हणाले. "फाडवेना. गाडीत आहे. दोन फळ्यांमध्ये टीपकागद घालून ठेवलाय." आणि एकदम आवाज चढवून: "काम वर्षभर अडकलं असतं, ताई! माझं वय बावन्न. मला कोण ठेवतंय मग? तिचं काय, तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल!"

स्वरूपाच्या मुठी वळल्या. एवढ्या वर्षांत ओरडण्याची इतकी निकड तिला कधी वाटली नव्हती. ती ओरडली नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून ती इतक्या हळू बोलली, की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"अनोळखी मजुराच्या डोक्यावर वीट पडू नये म्हणून तुम्ही जिवाचं रान केलंत. आणि या मुलीवर अख्खी भिंत पाडायला निघालात. जा. नकाशा घेऊन या."

कागद टेबलावर उलगडला. मधल्या खोलीवर बारीक, वळणदार अक्षरं होती. वाचता येणारी बाई एकच होती. फ्राऊ टोलेंनी चष्मा चढवला आणि अक्षरांवर बोट ठेवलं.

"बेनेदिता," त्यांनी वाचलं. "दाराशी लिहिलंय, कडी बाहेरून. आणि भिंतीत, ताट सरकवायचा झरोका." त्यांनी चष्मा काढला. "घराबाहेर पडली नाही. मी तसं लिहिलं. शाळेतल्या मुलांना सांगितलं."

ब्रेडे खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"पुस्तिका मागे घ्या," स्वरूपा टोलेंना म्हणाली. "आणि नवी लिहा. वारसा खात्याला मी आजच कळवते. भिंत पडणार नाही."

दहाला पाच कमी होते. फर्मच्या मालकांचा फोन लागला, स्पीकर सुरू झाला. उल्हास उठून मैथिलीजवळ आले. मान खाली घालून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटले, "बाळ, चुकलं गं माझं. काका समजून पोटात घाल."

मैथिली एक पाऊल मागे सरली. तिच्या हाताला अजून विटेची लाल भुकटी होती.

"मराठीत नको, काका," ती म्हणाली. "चोर म्हणालात ते जर्मनमध्ये. सगळ्यांसमोर."

उल्हासनी स्वरूपाकडे पाहिलं. स्वरूपाने टेबलावरचा फोन त्यांच्यासमोर सरकवला.

पलीकडून मालकांनी विचारलं, काय झालं, कुणी बोलतंय का. उल्हासनी फोन जवळ ओढला, आणि जर्मनमध्ये, पहिल्या वाक्यापासून, सांगायला सुरुवात केली.